मोटारगाडीतील दोष-संकेत वाचणारी साधने : स्वरूप, मर्यादा आणि निवडीचे निकष

सारांश

आधुनिक मोटारगाडीतील इंजिन संगणकाच्या नियंत्रणाखाली चालते. बिघाडाची नोंदही तोच संगणक ठेवतो. ही नोंद वाचणारी साधने आज सामान्य वाहनधारकाला अल्प किमतीत उपलब्ध आहेत. हातातील संकेत-वाचक, मोबाईलला जोडावयाचा अडॅप्टर आणि कायमस्वरूपी बसविण्याचा गेज या तीन साधनांचे कार्य, त्यांच्या मर्यादा आणि निवडीचे निकष यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. साधन दोष दाखवीत नाही, दोषाची खूण दाखविते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : ओबीडी, दोष-संकेत, संवेदक, इंधन-दुरुस्ती, ब्लूटूथ अडॅप्टर, वाहन निदान.

१. प्रस्तावना

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की वाहनधारकाच्या मनात दोन शंका एकदम येतात. गाडी पुढे न्यावी की थांबवावी, ही पहिली; आणि गॅरेजमध्ये किती खर्च सांगतील, ही दुसरी. कार्ब्युरेटरच्या काळात अनुभवी मिस्त्री आवाजावरून, धुराच्या रंगावरून व स्पार्क प्लगच्या काजळीवरून दोष ओळखत असे, आणि त्याने दाखविलेली काजळी गाडीच्या मालकालाही दिसत असे. आज दोषाची नोंद संगणकात असते. ती ज्याला वाचता येते त्याचा शब्द अंतिम ठरतो आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तो मान्य करावा लागतो. माहितीची ही विषमता काही अंशी दूर करण्याचे सामर्थ्य संकेत-वाचकात आहे. मात्र साधनाची निवड चुकली अथवा त्याचे वाचन चुकले, तर हेच साधन अनावश्यक खर्चास कारणीभूत होते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) वाहनातील स्व-निदान यंत्रणेची पार्श्वभूमी व कार्य स्पष्ट करणे.
२) उपलब्ध साधनांचे प्रकार व त्यांच्या मर्यादा सांगणे.
३) साधन निवडण्याचे व्यवहार्य निकष मांडणे.
४) संकेत आणि प्रत्यक्ष दोष यांतील अंतर उदाहरणाने दाखविणे.

३. स्व-निदान यंत्रणेची पार्श्वभूमी

या यंत्रणेचा जन्म दुरुस्तीच्या सोयीसाठी झालेला नसून प्रदूषण-नियंत्रणाच्या गरजेतून झाला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या हवा-संसाधन मंडळाने वाहनातच दोष-निदानाची सोय असावी असा आग्रह धरला. पुढे १९९६ च्या मॉडेल-वर्षापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारगाड्यांना ओबीडी-दोन ही समान प्रणाली बंधनकारक झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून तिची युरोपीय आवृत्ती लागू झाली. भारतात चारचाकी वाहनांसाठी एप्रिल २०१० पासून पहिल्या टप्प्याची व एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्याची ओबीडी भारत स्टेज चार मानकांसोबत आली. पहिल्या टप्प्यात मुख्यतः विद्युत-जोडण्या तुटल्या आहेत काय एवढेच तपासले जाई. दुसऱ्या टप्प्यात उत्प्रेरक परिवर्तकाची कार्यक्षमता, इंधन न पेटणे, ऑक्सिजन संवेदकाचा ऱ्हास या बाबींवरही लक्ष ठेवले जाऊ लागले. एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा मानके लागू झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यांचा दुसरा, अधिक कडक टप्पा सुरू झाला.

या इतिहासातून निवडीसंबंधी पहिला धडा मिळतो. कायद्याने समान केलेला भाग हा प्रदूषणाशी संबंधित आहे. इंजिनाचे मूलभूत संकेत कोणत्याही साध्या साधनाने वाचता येतात, ते यामुळेच. एअरबॅग, एबीएस, वातानुकूलन, दरवाज्यांची कुलुपे इत्यादींचे संकेत प्रत्येक निर्मात्याच्या स्वतंत्र भाषेत असतात आणि स्वस्त साधनास ते बहुधा दिसत नाहीत.

४. जोडणी व संकेताची रचना

स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, बहुतेक गाड्यांत सोळा खाचांची समलंब आकाराची जोडणी असते. तिची चौथी व पाचवी खाच ऋण जोडणीची आणि सोळावी बॅटरीच्या धन टोकाची असते. सहावी व चौदावी खाच ‘कॅन’ या जलद संदेशवहनासाठी, तर सातवी जुन्या मंद पद्धतीसाठी वापरली जाते. सोळाव्या खाचेत किल्ली बंद असतानाही वीज असते, ही बाब पुढे महत्त्वाची ठरेल.

दोष-संकेत पाच स्थानांचा असतो. पहिले अक्षर विभाग सांगते : ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर, ‘बी’ म्हणजे गाडीचा सांगाडा व अंतर्भाग, ‘सी’ म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखी चासीची यंत्रणा आणि ‘यू’ म्हणजे संगणकांमधील संदेशवहन. त्यापुढील अंक शून्य असल्यास संकेत सर्व निर्मात्यांना समान असतो. एक असल्यास तो निर्मात्याचा स्वतःचा असतो. उदाहरणार्थ, पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी असणे. पी ०४२० म्हणजे उत्प्रेरक परिवर्तकाची कार्यक्षमता मर्यादेखाली जाणे.

संकेतासोबत तो नोंदला गेला त्या क्षणीची इंजिनाची गती, तापमान, भार इत्यादी माहितीही संगणक जपून ठेवतो. तिला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. दोष थंड इंजिनात झाला की घाटात पूर्ण भारावर झाला, हे तिच्यावरून कळते. जे साधन केवळ संकेत दाखविते व ही नोंद दाखवीत नाही, ते अर्धेच साधन होय.

५. साधनांचे प्रकार

अ) हातातील संकेत-वाचक : तारेने जोडावयाचे, स्वतःचा लहान पडदा असलेले हे साधन बॅटरी, मोबाईल अथवा इंटरनेट यांवर अवलंबून नसते. जोडताच चालू होते आणि वर्षानुवर्षे तसेच चालते. घरातील अनेकांच्या गाड्या तपासावयाच्या असतील, अथवा मोबाईलच्या जोडणीची खटपट नको असेल, तर हेच सोयीचे. मात्र लहान पडद्यावर आलेख पाहणे कठीण जाते.

आ) मोबाईलचा अडॅप्टर : आगपेटीएवढी ही डबी जोडणीत बसवून ब्लूटूथ अथवा वाय-फायद्वारे मोबाईलशी जोडतात. संकेत, चालू आकडे, आलेख, नोंदींची साठवण हे सर्व मोबाईलवरील अ‍ॅप करते. अशा बहुतेक अडॅप्टरांचा पाया म्हणजे कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची ‘ईएलएम ३२७’ ही चिप. तिच्या आरंभीच्या आवृत्तीची नक्कल करणे सोपे ठरल्याने बाजार नकलांनी भरून गेला. मूळ कंपनीने २०२२ मध्ये व्यवसाय बंद केला. आज स्वस्त डबीवर हे नाव छापलेले असणे म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे. निकृष्ट नकला साधे संकेत वाचतात, परंतु लांब संदेश अर्धवट सोडतात, काही आज्ञा ओळखत नाहीत आणि मध्येच संपर्क तोडतात.

इ) कायमस्वरूपी गेज : डॅशबोर्डवर बसवून सतत आकडे दाखविणारे हे साधन दोन प्रकारचे असते. एक ओबीडी जोडणीतून संगणकाकडील आकडे घेते. दुसरे इंजिनावर स्वतंत्र संवेदक बसवून स्वतः मोजते. हा फरक मूलभूत आहे. पहिल्या प्रकारचा गेज संगणकाला जे ठाऊक आहे तेवढेच सांगू शकतो. अनेक गाड्यांत ऑईलच्या दाबासाठी केवळ चालू-बंद होणारा स्विच असतो, दाबाचे मोजमाप नसते. तेथे ओबीडी गेज दाब दाखवूच शकत नाही. त्यासाठी स्वतंत्र संवेदकाचाच गेज हवा. उलटपक्षी, अनेक लहान गाड्यांत इंजिनाच्या तापमानाचा काटा नसून केवळ दिवा असतो. संगणकाला मात्र तापमान अंशांत ठाऊक असते. अशा गाडीत ओबीडी गेज खरोखर उपयुक्त ठरतो, कारण लाल दिवा लागण्यापूर्वीच चढते तापमान चालकाला कळते.

६. निवडीचे निकष

साधन निवडताना पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.

१) गाडी कोणत्या वर्षाची? २०१३ नंतरच्या गाडीत समान प्रणाली अपेक्षित आहे. त्यापूर्वीच्या गाडीत सोळा खाचांची जोडणी दिसली तरी साधन बोलेलच असे नाही. शक्य असल्यास विकत घेण्यापूर्वी साधन आपल्याच गाडीला जोडून पाहावे.

२) मोबाईल कोणता? साध्या ब्लूटूथचे बहुतेक अडॅप्टर अँड्रॉइड फोनशी जुळतात. आयफोनसाठी मात्र ‘ब्लूटूथ लो एनर्जी’ अथवा वाय-फायचा अडॅप्टर लागतो. वाय-फाय अडॅप्टर वापरताना फोन त्या डबीशी जोडलेला राहत असल्याने इंटरनेटमध्ये अडथळा येऊ शकतो.

३) इंधन कोणते? भारत स्टेज सहाच्या डिझेल गाडीत काजळी गाळणारा फिल्टर असतो. शहरात थोड्या थोड्या अंतरावर चालणाऱ्या गाडीत तो तुंबण्याची शक्यता अधिक. किती काजळी साठली आणि ती जाळण्याची प्रक्रिया चालू आहे काय, हे आकडे सहसा निर्मात्याच्या भाषेत असतात. डिझेल गाडीच्या मालकाने आपल्या मॉडेलचे हे आकडे दाखविणारे अ‍ॅप अथवा साधनच निवडावे.

४) गरज कोणती? केवळ दिवा का लागला हे पाहावयाचे असल्यास साधा संकेत-वाचक पुरे. मधूनच होणारा बिघाड शोधावयाचा असल्यास आलेख व साठवण असलेले मोबाईल-साधन हवे. एअरबॅग अथवा एबीएसचा दिवा लागत असल्यास त्या विभागाचा स्पष्ट उल्लेख असलेला महाग स्कॅनर किंवा तो बाळगणारे गॅरेज गाठावे.

बाजारात याच जोडणीत बसणाऱ्या, ‘इंधन वाचवितो’ असा दावा करणाऱ्या डब्याही मिळतात. त्यांतील अनेक उघडून पाहिल्या असता आत लुकलुकणारे दिवे व ते चालविणारे साधे मंडल यांपलीकडे काही आढळलेले नाही. त्यांचा निदानाशी संबंध नाही.

७. संकेत म्हणजे दोष नव्हे

एक उदाहरण घेऊ. पी ०१७१ हा संकेत आला. ऑक्सिजन संवेदकाने मिश्रणात इंधन कमी असल्याचे सांगितले, म्हणून तो संवेदकच बदलावा, हा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. ताप दाखविला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे ते आहे. संवेदक बहुधा खरेच सांगत असतो. कारण अन्यत्र असते.

अशा वेळी ‘इंधन-दुरुस्ती’चे आकडे पाहावेत. संगणक ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के अधिक वा उणे इंधन देत आहे, हे त्यांतून दिसते. निरोगी इंजिनात ते सामान्यतः उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांच्या आत असतात. हवेचे वस्तुमान मोजणारा संवेदक असलेल्या इंजिनात समजा गाडी उभी असताना दुरुस्ती अधिक वीस टक्के आहे आणि इंजिनाची गती मिनिटाला २५०० फेऱ्यांवर नेताच ती चार टक्क्यांवर उतरते. याचा अर्थ, संवेदकाच्या पुढे एखाद्या फुटक्या नळीतून न मोजलेली हवा आत शिरत आहे. इंजिन मंद असताना ही हवा एकूण हवेचा मोठा भाग असते, वेग वाढता तिचे प्रमाण नगण्य होते. याउलट, उभ्या गाडीत आकडा ठीक असून भार वाढताच तो चढत असेल, तर इंधन-पंप अथवा फिल्टर यांकडे लक्ष द्यावे. दोन्ही वेळा संकेत एकच. पण पहिली दुरुस्ती रबराच्या नळीची, दुसरी पंपाची आणि दोन्हींत ऑक्सिजन संवेदक निर्दोष.

याच संदर्भात एक ताजी बाब नोंदविणे आवश्यक वाटते. देशात २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले. शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. म्हणून दहा टक्क्यांवरून वीस टक्के मिश्रणाकडे जाताना संगणकाला सुमारे चार ते पाच टक्के अधिक इंधन द्यावे लागते. जुन्या गाडीत दुरुस्तीचा आकडा तेवढा वाढलेला दिसला तर तो बिघाड मानू नये. मात्र आधीच मर्यादेजवळ असलेल्या इंजिनात ही वाढ दिवा लावण्यास पुरेशी ठरू शकते.

८. संकेत पुसणे आणि जुन्या गाडीची खरेदी

प्रत्येक साधनात संकेत पुसण्याची सोय असते आणि तिचाच मोह सर्वाधिक पडतो. पुसल्याने दिवा विझतो, दोष जात नाही. शिवाय फ्रीझ फ्रेमची नोंदही नाहीशी होते. म्हणून पुसण्यापूर्वी संकेत व ती नोंद लिहून ठेवावी अथवा तिचे छायाचित्र घ्यावे.

जुनी गाडी घेणाऱ्यास ही बाब विशेष उपयोगी आहे. संकेत पुसले की संगणकाच्या अंतर्गत चाचण्यांची स्थिती ‘अपूर्ण’ होते व काही दिवस गाडी चालल्यावरच ती ‘पूर्ण’ होते. अनेक गाड्यांत संकेत पुसल्यापासून कापलेले अंतरही वाचता येते. विक्रेता ‘दिवा कधी लागलाच नाही’ असे सांगत असताना चाचण्या अपूर्ण आणि अंतर अवघे दहा किलोमीटर दिसले, तर अधिक चौकशी करणे इष्ट. मात्र बॅटरी काढल्यानेही हेच घडते. त्यामुळे एवढ्यावरून कोणावर आरोप करू नये.

९. सुरक्षितता

सोळाव्या खाचेत कायम वीज असल्याने अडॅप्टर लावून ठेवल्यास बराच काळ उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते. साध्या अडॅप्टरचा परवलीचा अंक बहुधा १२३४ अथवा ०००० असतो. म्हणजे जवळचा कोणीही त्याला जोडू शकतो. काम होताच डबी काढून ठेवणे हा दोहोंवरील उपाय होय. चालत्या गाडीत आकडे पाहणे चालकाने टाळावे. ते शेजारी बसलेल्याने पाहावेत अथवा नोंद साठवून नंतर अभ्यासावी. तसेच, इंजिनाचा दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल, तर इंधन न जळता परिवर्तकात जात असल्याची ती सूचना असते. अशा वेळी साधन शोधत न बसता भार कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

१०. निष्कर्ष

१) बहुतेक वाहनधारकांस फ्रीझ फ्रेम व चालू आकडे दाखविणारे, आपल्या गाडीवर तपासून घेतलेले साधे साधन पुरेसे आहे.
२) सतत निरीक्षणाची गरज असल्यासच गेज घ्यावा व तो काय मोजू शकतो हे आधी जाणून घ्यावे.
३) स्वस्त मोबाईल-अडॅप्टर उपयुक्त आहे, परंतु त्यावरील नावावर विसंबू नये.
४) संकेत हा तपासाचा आरंभ आहे, शेवट नव्हे.

या साधनामुळे वाहनधारक मिस्त्री होत नाही आणि व्हावा अशी अपेक्षाही नाही. कुशल मिस्त्रीचा हात व कान यांना पर्याय नाही. परंतु ‘हा भाग का बदलावयाचा?’ एवढा प्रश्न आकड्यांच्या आधारे विचारता आला, तर प्रामाणिक कारागिराला तो आवडेल आणि अप्रामाणिकास तो अडवील. काही शे रुपयांच्या साधनाकडून याहून अधिक अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही.