पोट ओढायचं की कसायचं?

१९९६ साली ब्रिस्बेनमध्ये पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी तीस माणसांना एक साधं काम दिलं: खूण दिसली की हात झटकन उचलायचा. पंधरा जणांची कंबर ठणठणीत होती, पंधरा जणांची कधी ना कधी धरलेली. ठणठणीत कंबरेच्या माणसांत हात हलण्याआधीच पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू, ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस, आवळला जाई. दुखणेकऱ्यांत त्याला उशीर होई. तो उशीर सेकंदाच्या बारीकशा अंशाचा, पण आमच्या फिजिओथेरपीला त्याने वेगळी वाट दाखवली.

त्याच शहरात ज्युली हाइड्स मणक्यांना लगटून असणाऱ्या मल्टिफिडस स्नायूचा माग काढत होत्या. पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ जणांचं दुखणं चार आठवड्यांत ओसरलं, मात्र ज्यांना नेमका व्यायाम दिला नव्हता त्यांचा तो स्नायू दहा आठवड्यांनीही रोडावलेलाच होता. वर्षभरात त्यांच्यापैकी ८४ टक्क्यांची कंबर पुन्हा धरली. व्यायाम केलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के. अभ्यास लहान होता, तरी त्या दशकातला हा शोध मला सर्वांत मोलाचा वाटतो. उसण गेली म्हणून कंबर बरी झाली असं नसतं, हे रुग्णाला पटवून देणं आजही कठीण जातं.

पुढे मात्र वाट चुकली. ‘बेंबी पाठीकडे ओढा’ ही सूचना होती सुस्तावलेल्या त्या आडव्या स्नायूची ओळख पटवण्यासाठी, पडल्या पडल्या करायची. ती वजन उचलण्याचा नियम होऊन बसली. मीही कित्येकांना तसंच शिकवलं, आणि त्याची खंत वाटते.

खरं तर १९५७ मध्येच बार्टेलिंक यांनी पोटातल्या दाबाचं महत्त्व मांडलं होतं. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, पुढून आणि बाजूंनी पोटाचे स्नायू, मागे कणा: ही बंद पेटी दाबाने टणक झाली की कण्याला आधार मिळतो. पोट आत ओढलं की पुढच्या-बाजूच्या भिंती कण्याजवळ येतात आणि आधाराचा पाया अरुंद होतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल हेच सांगत राहिले. २००७ मध्ये त्यांनी आणि ग्रेनिए यांनी आकडेमोड मांडली: पोट आत ओढण्याऐवजी चहूबाजूंनी कसलं, तर कण्याचं स्थैर्य ३२ टक्क्यांनी वाढतं, त्यावरचा दाब १५ टक्क्यांनीच. पोट ओढण्याला ती सर नव्हती. आपल्याकडे ‘कंबर कसणे’ म्हणतात; ते क्रियापद योग्यच होतं.

२०१६ च्या कॉक्रेन आढाव्याने आणखी एक भ्रम दूर केला. जुनाट कंबरदुखीत आतले स्नायू जागवणारे हे खास व्यायाम इतर व्यायामांपेक्षा ठळकपणे सरस ठरले नाहीत. म्हणून मी ते सोडले नाहीत. एकाच स्नायूवरची भिस्त सोडली.

आता घरातला भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे तीसेक किलो, उचलायचा असेल तर मी सांगते: आधी त्याच्या अगदी जवळ जा. गुडघे आणि खुबे वाकवा. बरगड्यांच्या तळापर्यंत श्वास घ्या. खोकताना पोट जसं घट्ट होतं तसं करा, पण गरजेपुरतंच. पाण्याच्या बादलीला एवढा जोर लागत नाही. मग सिलिंडर अंगालगत धरून उठा, आणि वळायचं झालं तर कंबरेतून न पिळता पावलं टाकून वळा.