चिमुकल्या विमानाची खिडकी

डाकोटा विमानाचे चित्र तुम्ही पाहिले असेल. डग्लस कंपनीचे डी.सी.-३ हे प्रवासी विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले. डाकोटा हे त्याचेच लष्करी भावंड. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैनिक श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरले, ते डाकोटांतूनच. आता समजा, या विमानाची ७२ पट लहान प्रतिकृती तुम्ही प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जुळवीत आहात. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर; तुमच्या प्रतिकृतीचा भरेल ४० सेंटिमीटर. सारे काही ७२ पटींनी लहान झाले. मात्र एक गोष्ट झाली नाही. कोणती बरे?

विमानाच्या अंगाची जाडी! खऱ्या विमानाचा पत्रा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ असतो. प्रतिकृतीचे प्लॅस्टिक तितके पातळ करता येत नाही. ते सव्वा मिलिमीटर जाड आहे असे धरा आणि ७२ ने गुणा. उत्तर येते ९ सेंटिमीटर! म्हणजे आतून काच चिकटवली की ती जुन्या वाड्याच्या भिंतीतल्या खिडकीसारखी खोल दिसते. खऱ्या विमानाची काच बाहेरच्या पत्र्याशी जवळजवळ समपातळीत असते. तशी ती प्रतिकृतीत कशी आणायची?

पहिला विचार मनात येतो तो लाकडासाठी वापरतात त्या पांढऱ्या गोंदाचा. काडीने तो भोकाच्या कडेवरून ओढला की साबणाच्या पाण्यासारखा पडदा तयार होतो आणि वाळल्यावर पारदर्शक बनतो. ओला असताना तो पांढरा का असतो? कारण पाण्यात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात आणि ते प्रकाश चहूकडे विखुरतात. पाणी उडून गेले की कण एकमेकांत मिसळून एकसंध होतात. मग विखुरणार कोण? परंतु पाणी गेले म्हणजे आकारमानही घटले. पडदा मध्यभागी खपाटीला जातो. अगदी लहान, गोल खिडक्यांना हे चालते; डाकोटाच्या चौकोनी खिडक्यांना नाही.

त्यापेक्षा ॲक्रिलिकचा तुकडा चांगला. भोकात घट्ट बसेल, पण थोडा बाहेर डोकावेल असा तो कानशीने घासून घ्या आणि पारदर्शक इपॉक्सीने पक्का करा. इपॉक्सी वाळत नाही, तर रासायनिक क्रियेने कडक होते, म्हणून फारशी आकसत नाही. (तिचा कडक करणारा भाग त्वचेला लागू देऊ नका.) विमानाच्या अंगाचे दोन अर्धे भाग जोडण्यापूर्वीच हे करा, नाहीतर खिडकीची आतली बाजू हाताला लागणार नाही. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद मात्र टाळा. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडताच पांढऱ्या थराच्या रूपाने जवळच्या पृष्ठभागावर बसते. पोलिसांचे तज्ज्ञ बोटांचे ठसे उमटवायला हीच युक्ती वापरतात! प्रस्तुत लेखकाने एका पावसाळ्यात सहा खिडक्या अशाच आंधळ्या करून ठेवल्या होत्या.

आता तुकडा कानशीने अंगाच्या पातळीत आणा. खिडकी समपातळीत आली खरी, पण दिसू लागली दुधी काचेसारखी! घाबरू नका. तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाका. काय आश्चर्य, तेवढा भाग स्वच्छ झाला! पाणी वाळले की पुन्हा पांढरा.

असे का होते? ॲक्रिलिक काही बिघडलेले नाही. बिघडला आहे तो केवळ त्याचा पृष्ठभाग. प्रत्येक ओरखड्याच्या उतारावर प्रकाशकिरण वेगळ्याच दिशेला वळतो. किरण किती वळेल हे दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतील फरकावर ठरते. हवेचा अपवर्तनांक जवळजवळ १, ॲक्रिलिकचा १.४९, फरक ०.४९. पाण्याचा १.३३, म्हणजे फरक उरला अवघा ०.१६. म्हणून पाणी भरताच ओरखडे जणू बुजतात.

पण विमान काही पाण्यात ठेवता येत नाही. तेव्हा ओरखडेच लहान करायचे. किती लहान? दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते (१००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर). ओरखडे याहून बरेच लहान झाले की प्रकाशाला पृष्ठभाग सपाटच वाटतो. गॅरेजमध्ये मोटारी घासायला वापरतात तो वॉटर पेपर घ्या. पी-४०० क्रमांकाच्या कागदाचे कण सुमारे ३५ मायक्रॉनचे, पी-१२०० चे सुमारे १५, पी-२००० चे सुमारे १०. याच क्रमाने, पाणी लावून घासा. पाण्याने भुकटी वाहून जाते आणि प्लॅस्टिक तापून मऊ होत नाही. दर वेळी घासण्याची दिशा आधीच्या दिशेला काटकोनात ठेवा. आधीचे आडवे ओरखडे संपूर्ण गेले की पुढचा कागद घ्या. इथे घाई केलीत तर एखादा जाड ओरखडा शेवटपर्यंत तुमच्याकडे पाहत राहील. ओली खिडकी नेहमीच स्वच्छ दिसते, हे तुम्ही पाहिलेच आहे. म्हणून परीक्षा पुसून, कोरडी करूनच घ्या.

शेवटचे काम मऊ फडक्यावर थोडी पांढरी टूथपेस्ट किंवा पितळेचे पॉलिश घेऊन करा. आतली बाजूही अशीच घासा. मग दोन्ही अर्धे जोडा, खिडक्यांच्या आकाराच्या चिकटपट्ट्या कापून त्यांवर लावा आणि विमान रंगवा. रंग सुकल्यावर पट्ट्या हलकेच काढा आणि विमान दिव्यासमोर आडवे धरा. या बाजूच्या खिडकीतून पलीकडच्या खिडकीतला उजेड आरपार दिसला पाहिजे.