आर्किटेक्टचा रुपया, कवीचा फॉण्ट

चिखलीत वकील, डॉक्टर, कृषी केंद्र, झेरॉक्स, सगळ्यांच्या पाट्या दिसतात. 'यूएक्स डिझायनर'ची पाटी काही माझ्या पाहण्यात नाही. पण या मंडळींचा हात चिखलीकरांच्या रोजच्या वस्तूंवरून फिरलेला आहे. वापरणारा कुठे अडखळतो ते हेरायचं आणि ती अडचण काढायची, हा त्यांचा धंदा. त्याचं एकच एक घराणं नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

चिखली म्हणजे विधानसभा मतदारसंघ क्रमांक २३. इथे मतदानाचं निळं बटण दाबलं की लांब 'पींऽऽ' वाजतं. हे मतदानयंत्र, ईव्हीएम, बनवतात बीईएल आणि ईसीआयएल या सरकारी कंपन्यांचे इंजिनिअर; तिच्या रूपाची आखणी मात्र आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या प्राध्यापकांची. एका यंत्रावर १६ नावं, बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे, आणि सगळं बॅटरीवर. लोडशेडिंग सोसलेल्या गावाला त्या बॅटरीचं मोल वेगळं सांगायला नको.

नोटांवरचं ₹ हे चिन्ह २०१० साली मंजूर झालं. ते काढणारे डी. उदयकुमार शिकले आर्किटेक्चर, मग दृश्यसंवाद, आणि पीएचडी केली तमिळ अक्षरांवर, तीही आयडीसीतच. आता त्यांना कोणत्या खात्यात मांडणार?

विंडोजमधला 'मंगल' फॉण्ट तर सरकारी कचेरीपासून सेतू केंद्रापर्यंत सगळीकडे. तो घडवणारे र. कृ. जोशी कवी, सुलेखनकार, जाहिरातवाले आणि आयडीसीतले शिक्षक. चारही कामं एकाच माणसाची!

मला सगळ्यात आवडतं ते 'स्वरचक्र'. प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने २०१३ च्या सुमारास मोबाइलसाठी आणलेला हा कळफलक. अक्षरं शाळेच्या तक्त्यासारखी, वर्गवारीने: क ख ग घ, च छ ज झ. 'क'वर बोट ठेवा, भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. हवं तिकडे बोट सरकवा, झालं. ज्याला बाराखडी येते त्याला वेगळा क्लास नको. प्रोग्रामर, भाषेचे जाणकार आणि डिझायनर एका टेबलाशी बसले की असं काही निघतं.

आता दुकानातला कॅल्क्युलेटर फोनशेजारी ठेवा. फोनवर १ वर, कॅल्क्युलेटरवर ७ वर. फोनच्या बटणांची मांडणी अमेरिकेच्या बेल लॅब्सने माणसांवर चाचण्या घेऊन ठरवली. या चाचण्या घेणाऱ्या विभागाचे प्रमुख जॉन कार्लिन मानसशास्त्रज्ञ; शिवाय वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलेले.

डॉन नॉर्मनही असेच. आधी इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मग मानसशास्त्रज्ञ. १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेले आणि 'युजर एक्सपीरियन्स', म्हणजेच यूएक्स, हे शब्द त्यांच्या हुद्द्यात आले. वेबसाइटवरची माहिती कशी लावावी, यावरचं १९९८ चं गाजलेलं पुस्तक लिहिलं ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या दोघांनी. मुखपृष्ठावर ध्रुवीय अस्वल!

चिखलीतल्या पोरापोरींनो, डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी 'सीड' ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. तीन वर्षांची कुठलीही पदवी असली तरी बसता येतं आणि वयाची अट नाही. प्रवेशाच्या अटी मात्र प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या; त्या आधी वाचा, मगच फॉर्म भरा.