फांद्या न्या, पण सगळ्या नव्हे

दक्षिण स्वीडनमधले व्हेक्शो शहर हिवाळ्यात तापते ते मुख्यतः लाकडाच्या ढलप्यांवर. तिथल्या सांदविक उष्णता केंद्रात १९८० साली तेलाऐवजी लाकूड जाळायला सुरुवात झाली. १९९६ मध्ये नगरपालिकेने खनिज इंधनातून पूर्ण बाहेर पडायचे ठरवले.

झाड मात्र त्यासाठी तोडत नाहीत. सरळ खोड करवतीच्या गिरणीत आणि कागद कारखान्यात जाते. बॉयलरला मिळतात फांद्या, शेंडे, साल आणि भुसा.

खरी गोम आहे ती हिरव्या पानांत. स्प्रूस वृक्षाच्या सुईसारख्या पानांत आणि कोवळ्या डहाळ्यांत झाडाचे नायट्रोजन, पोटॅशियम, कॅल्शियम दाटलेले असते. ते उचलून नेले की माती उपाशी राहते. म्हणून फांद्यांचे ढीग उन्हाळाभर जंगलातच वाळू देणे चांगले: बरीच पाने तिथेच गळतात आणि लाकूडही सुकते. ताज्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन पाण्याचे असते, त्यामुळे वाळलेले लाकूड उष्णताही जास्त देते. शिवाय किमान पाचवा हिस्सा जागेवरच ठेवावा, असे तिथल्या वनखात्याचे मार्गदर्शन आहे. जुन्या पडलेल्या लाकडाला तर हातच लावायचा नाही. बुरशी आणि भुंगेरे त्यावरच जगतात.

बॉयलरमधली स्वच्छ राख घट्ट करून पुन्हा जंगलात पसरता येते. तिच्यातून क्षार परत मिळतात, नायट्रोजन मात्र धुरावाटे गेलेला असतो.

कार्बनचा हिशेबही झाडाचा कोणता भाग जाळला यावरच ठरतो. फांद्या एरवीही काही वर्षांत कुजून कार्बन सोडतातच. अख्खे खोड जाळले, तर सुटलेल्या कार्बनची भरपाई व्हायला कित्येक दशके लागतात.