बाणाचे वजन व कंपाउंड धनुष्याचा वेग

कंपाउंड धनुष्यातून सुटलेल्या बाणाचा वेग व त्याची गतिज ऊर्जा ही दोन्ही बाणाच्या वजनानुसार बदलतात. मात्र ती परस्परविरुद्ध दिशांनी बदलतात. बाण हलका केल्यास वेग वाढतो, पण ऊर्जा घटते. जलद बाण तो जोरदार बाण, हा समज त्यामुळे एकाच धनुष्यापुरता तरी खरा ठरत नाही.

या धनुष्याच्या भुजांच्या टोकांशी उत्केंद्री चाके (कॅम) असतात. अमेरिकेतील हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये या रचनेच्या एकस्वासाठी अर्ज केला व १९६९ मध्ये ते त्यांना मिळाले. चाकांमुळे दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरील भार बराच कमी होतो आणि नेम स्थिर धरता येतो.

दोरी सोडल्यावर साठलेली ऊर्जा केवळ बाणाला मिळत नाही. भुजा, चाके व दोरी यांनाही हलवावे लागते. या हलत्या भागांचा परिणाम पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन भौतिकीविज्ञांनी ‘आभासी वस्तुमान’ या कल्पनेने मांडला : बाणासोबत जणू आणखी काही ग्रॅम वस्तुमान त्याच वेगाने जात आहे, असे मानावयाचे. हे वस्तुमान एका धनुष्यासाठी जवळजवळ स्थिर असते. समजा, उपलब्ध ऊर्जा ८० जूल व आभासी वस्तुमान ६ ग्रॅ. आहे. मग २० ग्रॅ. बाणाचा वेग सेकंदाला ७८·४ मी. व ऊर्जा ६१·५ जूल येते, तर ३० ग्रॅ. बाणाचा वेग ६६·७ मी. व ऊर्जा ६६·७ जूल येते. वजन दीडपट झाले, तरी ऊर्जेतील वाढ जेमतेम पाच जूल आहे. संवेग मात्र सु. २७ टक्क्यांनी वाढतो.

प्रत्यक्ष चाचणीत धनुष्याची ओढ व ताणाची लांबी कायम ठेवून तीनचार वजनांचे बाण सोडतात. प्रत्येक बाण काट्यावर तोलून घेतात आणि प्रत्येक वजनाच्या अनेक फेकींची सरासरी काढतात. वेगमापकात दोन प्रकाशसंवेदक ठराविक अंतरावर असतात. ते अंतर पार करण्यास लागलेल्या काळावरून वेग मिळतो. वेगमापक धनुष्यापुढे थोड्याच अंतरावर ठेवावयाचा असल्याने भक्कम आडोसा व मागे बंद भिंत असेल, तर मिरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीच्या शहरातही हा प्रयोग बंदिस्त जागेत करता येतो. वेगाच्या वर्गाचा व्यस्तांक उभ्या अक्षावर व बाणाचे वस्तुमान आडव्या अक्षावर मांडल्यास बिंदू जवळजवळ सरळ रेषेत पडतात. ही रेषा मागे वाढविली असता आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे जेथे छेदते, तेथपर्यंतचे अंतर म्हणजेच आभासी वस्तुमान होय.

स्पर्धेत या फरकाला फार महत्त्व आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी व नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळविली. देवतळे यांनी अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. या प्रकारात लक्ष्य ५० मी. अंतरावर असून त्याचा व्यास ८० सेंमी. असतो. हवेचा रोध सोडून दिल्यास वरील उदाहरणातील हलका बाण तेथे पोहोचेपर्यंत सु. २ मी. खाली येतो व जड बाण सु. २·७६ मी. म्हणजे पहिल्या बाणासाठी लावलेल्या दर्शकाने मध्याचा नेम धरून दुसरा सोडल्यास तो लक्ष्याबाहेर जाईल. एका संचातील बाणांचे वजन काटेकोरपणे सारखे ठेवतात, ते यासाठीच.

बाण हलका करण्यास मर्यादा आहे. ओढीच्या दर पौंडास निदान ५ ग्रेन (१ ग्रेन = ०·०६४८ ग्रॅ.) वजन असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे, स्पर्धेतील ६० पौंड या कमाल ओढीस ते सु. १९·४ ग्रॅ. होते. त्याहून हलका बाण वापरल्यास न गेलेली ऊर्जा कंप व आवाजाच्या रूपाने धनुष्यातच राहते. बाण न लावता दोरी सोडल्यास सर्वच ऊर्जा धनुष्यावर येते. भुजा तडकणे, दोरी चाकावरून निसटणे व धनुर्धारीस इजा होणे हे त्याचे संभाव्य परिणाम होत.