सह्याद्रीच्या मातीतील नवी काळी बुरशी



साठवणीतला कांदा सोलताना वरच्या पापुद्र्याखाली काजळी लागल्यासारखी काळी पूड दिसते, ती आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. ती पूड म्हणजे बुरशीचे बी, म्हणजे बीजाणू. या बुरशीला शास्त्रात ॲस्परजिलस नायजर म्हणतात. तिच्याच भावकीतल्या दोन नव्या जाती पश्चिम घाटातील मातीत मिळाल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने २०२५ साली जाहीर केले. आपले भोर-वेल्ह्याचे डोंगर याच रांगेतले. तेव्हा 'उसावर नवा रोग आला की काय?' अशी शंका कुणाच्या मनात येणे साहजिक आहे, म्हणून हा खुलासा.

रोग आलेला नाही. नवी म्हणजे काल-परवा जन्मलेली असे नव्हे. ती आपल्या आजे-पणज्यांच्या आधीपासून मातीत आहेच, फक्त तिची वेगळी ओळख आता पटली व नाव मिळाले. एका जातीस संस्थेचे संचालक डॉ. प्रशांत ढाकेफळकर यांच्यावरून ॲस्परजिलस ढाकेफळकराय, तर दुसरीस गुन्ह्याच्या तपासात परागकण व बुरशी यांचा उपयोग करणाऱ्या ब्रिटनच्या पॅट्रिशिया विल्टशायर यांचे नाव दिले आहे.

ओळख पटवणे मात्र सोपे नाही, बरे का. मातीचा कण पाण्यात विरळ करून पोषक खळीवर पसरतात. त्यातून उगवलेली एकेक बुरशी वेगळी वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ढाकेफळकरायचे बीजाणू गुळगुळीत व लंबगोल, तर विल्टशायर बाईंच्या नावाच्या बुरशीचे बीजाणू काटेरी. या दुसरीला बारीक कठीण गोळ्याही पुष्कळ धरतात. पण नुसते रूप पाहून भागत नाही. काळ्या बुरशा एकमेकींसारख्या इतक्या दिसतात, की जनुके ताडून पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही.

या काळ्या भावकीचा गुण दुहेरी आहे. कांदा नासवते ती हीच, आणि भुईमुगाचे कोवळे रोप जमिनीलगत काळे पाडून मारते तीही हीच. उलट, किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड बनते तेही ॲस्परजिलस नायजरकडूनच. पूर्वी ते लिंबाच्या रसापासून काढीत. १९१७ साली अमेरिकेत जेम्स करी यांनी साखरेच्या द्रावणात ही बुरशी वाढवून ते काढून दाखविले आणि १९१९ पासून त्याचे कारखाने निघाले. पुढे साखर कारखान्याची मळीही या कामी येऊ लागली. शेतात हीच आम्ले मातीत अडकून पडलेला स्फुरद मोकळा करतात. आपल्या डोंगरउताराच्या तांबड्या जमिनीत लोह फार, त्यामुळे टाकलेल्या सुपर फॉस्फेटचा बराच भाग असाच अडकतो.

म्हणून उद्या कोणी 'नव्या बुरशीची पावडर, एकरी इतके टन ऊस वाढेल' असे सांगत बांधावर आला, तर त्याला वाटेला लावावे. नायजरचे गुण तिच्या भावंडात असतीलच असे नाही. या दोन जातींची उसासाठी कोणतीही शिफारस झालेली नाही.

शेतात आधीपासून आहेत त्या बुरशा व जिवाणूंना काम द्यायचे तर पाचट जाळू नये. भाताचा राब भाजण्याची आपल्याकडे जुनी रीत, त्याच सवयीने ऊसतोड झाली की पाचटालाही काडी लागते. राखेत पालाश उरतो हे खरे. पण नत्र धुराबरोबर जातो आणि वरच्या थरातले सूक्ष्मजीव भाजून निघतात. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते, ते फुकट घालवायचे कशाला?

तोडीनंतर बुडखे जमिनीबरोबर छाटून पाचट सरीत दाबावे. दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे संवर्धन टाकावे. संवर्धन ओलसर शेणखतात कालवून पसरल्यास ते सगळीकडे सारखे पडते. बुडख्यांवर बुरशीनाशक फवारायचे असल्यास ते आधी फवारावे आणि संवर्धन काही दिवसांनी टाकावे, नाहीतर एका हाताने पेरलेले दुसऱ्या हाताने मारल्यासारखे होईल. लगेच पाणी द्यावे. खोडवा राखणाऱ्या सभासदांनी संवर्धनाची मागणी तोड सुरू होण्यापूर्वीच आपल्या गट कार्यालयात नोंदवावी.