कच्ची माती, पक्की माती

जालना जिल्ह्यातील केदारखेडा परिसरात माती म्हटले की प्रथम शेतीच आठवते. मात्र तालुक्याच्या भोकरदन गावी, म्हणजेच प्राचीन भोगवर्धन येथे, १९७३ च्या उत्खननात सातवाहनकालीन मृण्मूर्तीही सापडल्या. त्या टिकल्या, कारण भट्टीत भाजलेली माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या संत गोरोबाकाकांची कथा याच अनुभवावर उभी आहे. संतमेळ्यात थापटण्याने डोकी पारखताना त्यांनी नामदेवांना कच्चे मडके ठरविले. नामदेव रागावले खरे, पण पुढे विसोबा खेचरांना शरण गेले. गणेशचतुर्थीच्या पार्थिव मूर्तीला मात्र कुंभाराचा हा न्याय लागू पडत नाही. तिला विसर्जनात विरघळायचे असते, म्हणून ती कच्चीच हवी. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती नेमकी येथेच अडते. ती मातीचीही नसते आणि पाण्यात लवकर विरघळतही नाही.